तपासनिसाचा पासपोर्ट



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला होता 'विमानप्रवासाची सुरक्षितता'. एवढा विषय तासाभरात मांडायचा म्हणजे प्रत्येक गोष्टीला नुसता हात लावून पुढे सरकायचं. म्हणून त्यांच्या परवानगीनं मी त्यातला एकच कोपरा घेतलाय. विमानांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे जे सरकारी तपासनीस असतात, त्यांचे परदेश दौरे. विषय ऐकून काहीजण हसताहेत, ते मला इथून दिसतंय. साहजिक आहे. नगरसेवक आणि आमदार यांनी 'अभ्यासदौरा' हा शब्द आपल्याकडे असा काही रुजवलाय, की सरकारी माणूस परदेशी निघाला म्हटलं की पुढचं आपल्याला पाठ असतं.

पण मी कुणाच्या खरेदीच्या पिशव्या मोजायला आलेलो नाही. माझं आयुष्य हँगरमध्ये गेलं. विमानाखाली उभं राहून काम करणारा मी माणूस, आणि असे तपासनीस मी समोरून पाहिलेत. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मजा मारून आलेल्या अधिकाऱ्याचा दौरा वाया जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. मला सांगायचंय ते असं, की दिवसभर मान मोडून, इमानानं काम करून परतलेल्या अधिकाऱ्याचा दौराही पूर्ण वाया गेलेला असू शकतो. आणि जगभरात असे दौरे रोज होतात. कायद्यानं होतात. कसे, ते बघू.

सुरुवात शिकागोपासून करावी लागेल. १९४४ सालचा डिसेंबर. महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं, आणि पन्नासहून जास्त देशांचे प्रतिनिधी शिकागोत बसून युद्धानंतरच्या विमानवाहतुकीचे नियम ठरवत होते. त्या कराराचं ३३ वं कलम माझ्या फार आवडीचं आहे. त्याचा आशय इतकाच: एका देशानं विमानाला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र दिलं, वैमानिकाला परवाना दिला, तर बाकीच्या देशांनी तो मानावा. अट एकच. ते प्रमाणपत्र देताना लावलेली कसोटी आंतरराष्ट्रीय किमान दर्जाइतकी किंवा त्याहून कडक हवी. किती शहाणपणाचं कलम! नाहीतर मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाला वाटेत प्रत्येक देशाचं नवं प्रमाणपत्र घ्यावं लागलं असतं.

आता गंमत बघा. विमान मानलं, वैमानिक मानला. पण ते विमान जिथे दुरुस्त होतं त्या कारखान्याचं काय? तिथे प्रत्येक देशानं आपापली मान्यता, आपापला शिक्का आणि आपापला तपासनीस ठेवला. देश क चं विमान देश ख मधल्या हँगरमध्ये न्यायचं असेल, तर त्या हँगरला देश क च्या नियामकाची मान्यता पाहिजे. मान्यता द्यायची म्हणजे जाऊन बघितलं पाहिजे. दिली की टिकवण्यासाठी पुन्हा जाऊन बघितलं पाहिजे. एक देश गेला, दुसरा गेला, विसावा गेला. सिंगापूरच्या मोठ्या दुरुस्ती कंपनीचं उदाहरण घ्या. एसआयए इंजिनिअरिंगकडे वीसहून जास्त देशांच्या नियामकांची मान्यता आहे. म्हणजे हँगर तेच, माणसं तीच, टॉर्क रेंच तेच, कॅलिब्रेशनच्या चिठ्ठ्या त्याच; आणि त्या बघायला येणारी सरकारं वीस. दहावीचा निकाल लागल्यावर प्रत्येक कॉलेजनं त्याच पोराला पुन्हा दहावीच्या परीक्षेला बसवावं, तसा हा प्रकार आहे.

अशा तपासणीचा दिवस कसा जातो, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते.

तारीख आधीच ठरलेली असते. व्हिसा, तिकिटं, हॉटेल, सगळं पत्रव्यवहारानं झालेलं असतं. त्यामुळे तपासणी होणार हे हँगरला महिनाभर आधी ठाऊक. त्या महिन्यात काय होतं? जमीन रंगवली जाते. पिवळे पट्टे नव्यानं मारले जातात. सीलंट आणि चिकटद्रव्यांच्या डब्यांवरच्या मुदतीच्या तारखा तपासल्या जातात. अवजारांच्या पेटीत प्रत्येक पान्यासाठी जी खाच असते, तिथे तो पाना आहे ना, हे कुणीतरी रात्री बसून बघतं. (चांगलंच आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण मग ते उरलेल्या अकरा महिन्यांत का होत नाही?) पाहुणे येतात. सकाळी ओळखपरेड, मग कंपनीचं सादरीकरण, त्यात कंपनीचा इतिहास, कॉफी. मग हँगरमध्ये फेरी, बरोबर क्वालिटी विभागाचे दोघंतिघं. जेवण. दुपारी कागदपत्रं: कार्यपद्धतीची जाडजूड नियमावली, प्रशिक्षणाच्या नोंदी, सुट्या भागांची प्रमाणपत्रं. चार वाजता समारोपाची बैठक. तीत 'फाइंडिंग्ज' वाचली जातात. गंभीर ती 'लेव्हल वन', बाकीची 'लेव्हल टू'. शंभरातली बहुतेक लेव्हल टू. एका फॉर्मची आवृत्ती जुनी आहे. एका कपाटावर लेबल नाही. नियमावलीतल्या अमुक परिच्छेदात आमच्या देशाच्या नियमाचा उल्लेख राहिलाय. ठरलेल्या मुदतीत उत्तर, की 'क्लोजर'. पुढच्या आठवड्यात पुढचा देश, आणि पुन्हा तेच कपाट.

या दिवसात कुणी आळस केला का? कुणी खरेदीला गेलं का? नाही. तपासनीस दमून हॉटेलवर परततो. आणि तरीही मी विचारतो, त्या दिवसात असं काय कळलं जे आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या तपासनिसाला कळलं नव्हतं?

तपासणी कशी करावी, हे माहीत असलेले लोकही मी पाहिलेत, आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. असा माणूस सादरीकरण थांबवतो. तो आधी भंगाराच्या पिंपाकडे जातो, टाकून दिलेले भाग खरोखर निकामी केलेत का, की जसेच्या तसे बाहेर जाताहेत, हे बघायला. तो मस्टर मागवतो आणि ते जॉब कार्डांशी ताडून बघतो. रजेवर असलेल्या मेकॅनिकचा शिक्का त्याच दिवशीच्या कामावर कसा, एवढं एकच विचारतो. तो रात्रपाळीला येतो. पहाटे तीन वाजता तपासणीच्या झाकणाच्या आत वाकलेल्या पोराच्या हातात टॉर्च चालू आहे का, आणि समोर दुरुस्तीचं मॅन्युअल उघडं आहे का, हे बघतो. अशा माणसाला जगात कुठेही पाठवा, माझी हरकत नाही. पण अशी माणसं प्रत्येक देशाकडे मूठभर असतात. ती मूठ कुठे खर्च करायची, हा खरा प्रश्न आहे.

आता अमेरिकेचं बघू. त्यांच्या 'एफएए'नं, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकानं, अमेरिकेबाहेरच्या शेकडो दुरुस्ती केंद्रांना मान्यता दिलेली आहे. देशातल्या केंद्राला मान्यता मिळाली की ती रद्द किंवा परत होईपर्यंत चालते. परदेशातल्या केंद्राची पहिली मान्यता मात्र बारा महिन्यांनी संपते, आणि पुढेही ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. २०१२ सालच्या कायद्यानं परदेशी केंद्रांची दरवर्षी तपासणी करायला सांगितलं. कामगार संघटनांचा आग्रह होता, त्यामागे नोकऱ्या बाहेर जाण्याची भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण परिणाम काय? एफएएच्या तपासनिसाला परदेशी जायचं तर ज्या देशात जायचं त्याचा व्हिसा आणि आपल्याच परराष्ट्र खात्याची परवानगी, दोन्ही लागतात. म्हणजे अचानक भेट देणं जवळपास अशक्य. देशातल्या हँगरमध्ये तो मोटारीनं, न सांगता जाऊ शकतो. परदेशात सांगूनच जावं लागतं. अखेर २०२४ च्या कायद्यात अमेरिकी काँग्रेसला लिहावं लागलं, की परदेशी केंद्रांची वर्षातून एक तपासणी पूर्वसूचना न देता व्हावी. हे शहाणपण यायला किती वर्षं लागली, ते बघा.

आणि ही सगळी धडपड परदेशाकडे बघत चालली, पण धोका कुठे असू शकतो, हे त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेट कंपनीचं विमान मायामीहून उडालं आणि काही मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. सामानाच्या कप्प्यात जुने ऑक्सिजन जनरेटर भरले होते. त्यांच्यावर सुरक्षा टोप्या नव्हत्या, आणि कागदावर ते रिकामे असल्याचं लिहिलं होतं. ते भरून पाठवणारी कंत्राटी दुरुस्ती कंपनी कुठली? मायामीतलीच. व्हिसा लागत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मग यावर उपाय निघाला का? निघाला, आणि तो अमेरिका आणि युरोप यांनीच काढला. २००८ साली त्यांच्यात करार झाला आणि १ मे २०११ पासून तो लागू झाला. अमेरिकेतल्या हजाराहून जास्त केंद्रांना युरोपची मान्यता हवी होती, आणि युरोपातल्या अनेकांना अमेरिकेची. करारानं ठरवलं की युरोपसाठी अमेरिकेतली तपासणी एफएएच करेल, आणि अमेरिकेसाठी युरोपातली तपासणी तिथल्या देशांचे नियामक करतील. दोन्ही बाजूंनी अधूनमधून नमुना म्हणून काही केंद्रं बघायची, दुसरा खरंच नीट बघतोय ना याची खात्री करायला. आणि दोन नियमावल्यांतला फरक? तो एका पुरवणीत मावला. युरोपातला हँगर आपल्या नियमावलीला अमेरिकी नियमांची पुरवणी जोडतो, अमेरिकेतला युरोपीय नियमांची. ज्यासाठी माणसं अटलांटिक ओलांडत होती, तो फरक काही पानांचा निघाला.

पण मंडळी, असं जोडलेलं कसं तुटतं तेही बघायला हवं. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेतून, म्हणजे 'इआसा'तून बाहेर पडलं. नियम बदलले का? नाही. ब्रिटननं युरोपचे नियम जवळपास शब्दशः आपल्या कायद्यात उतरवून घेतले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटनमधल्या हँगरला युरोपीय विमानांसाठी युरोपचं वेगळं प्रमाणपत्र लागू लागलं. उलट बाजूनं ब्रिटननं युरोपची प्रमाणपत्रं दोन वर्षांपर्यंत मानायचं ठरवलं. ती मुदत सरल्यावर युरोपातल्या हँगरांनाही ब्रिटनचं वेगळं प्रमाणपत्र. त्यामुळे आज दोन्हीकडचे हँगर दोन-दोन प्रमाणपत्रं भिंतीवर लावून बसलेत, आणि त्यांचा मजकूर ताडून पाहिला तर डोळे दुखावेत इतका सारखा. या तपासण्यांचा सुरक्षेशी संबंध काय? सार्वभौमत्वाशी आहे, तो मला समजतो. पण मग बिलावर तसं लिहा ना.

हे थांबत का नाही? माझ्या मते तीन कारणं आहेत, आणि तिन्ही माणसासारखी आहेत. पहिलं, भीती. समजा एखाद्या संचालकानं ठरवलं, जर्मनीतला हा हँगर जर्मन नियामक नीट बघतोय, आपण जाऊ नये. पुढे तिथे दुरुस्त झालेलं एखादं विमान पडलं, तर चौकशीत पहिला प्रश्न येणार, तुम्ही का गेला नाहीत? गेला असता तर काही सापडलं असतं का, हे कुणी विचारणार नाही. गेलो होतो, अशी फायलीत नोंद असली की माणूस सुटतो. दुसरं कारण, भत्ता. यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारी पगारावर जगणाऱ्या माणसाला परदेशातला दैनिक भत्ता दिसतो, आणि दौऱ्याची पाळी ज्येष्ठतेनं येते, गरजेनं येत नाही. तिसरं, आणि मला सर्वांत खटकणारं: पैसे कोण देतं? अनेक देशांत परदेशी अर्जदारानंच तपासणीचा खर्च सोसायचा असतो. अमेरिकाही परदेशी केंद्रांकडून त्यासाठी शुल्क घेते. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, मग दौरा वाया गेला असं म्हणणार कोण? पण तो पैसा शेवटी तिकिटात येतो. आणि ज्याची तपासणी करायची त्यानंच हॉटेल ठरवायचं, यातून नातं कसं होतं, ते मी सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, खर्च होऊ दे, पण अपघात टळत असतील तर? रास्त प्रश्न आहे. म्हणून दुरुस्तीतल्या चुकीमुळे झालेले मोठे अपघात आठवून बघू.

२५ मे २००२ ला चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ तैवानच्या सामुद्रधुनीवर आकाशातच तुटलं. २२५ माणसं गेली. कारण शोधता शोधता तपास १९८० सालापर्यंत मागे गेला. हाँगकाँगला उतरताना विमानाचं शेपूट धावपट्टीला घासलं होतं. दुरुस्ती करताना खरवडलेल्या पत्र्यावर जोडपत्रा बसवला, पण तो पुरेसा मोठा नव्हता आणि खालचे ओरखडे तसेच राहिले. बावीस वर्षं तडा वाढत गेला. त्या बावीस वर्षांत त्या विमानाचे कागद कितीतरी नजरांखालून गेले असतील. कागदावर दुरुस्ती झालेली होती. जपानमध्ये १२ ऑगस्ट १९८५ ला ५२० माणसं गेली, तीही शेपटाच्याच दुरुस्तीपायी, आणि ती दुरुस्ती केली होती खुद्द बोइंगच्या माणसांनी. दोन ओळी रिव्हेट जिथे जोर घ्यायला हव्यात तिथे एकाच ओळीवर जोर आला. हे सापडलं असतं ते काम चालू असताना तिथे उभ्या असलेल्या माणसाला. वर्षानंतर फाइल उघडणाऱ्या पाहुण्याला नाही.

बनावट सुट्या भागांचं घ्या. २०२३ मध्ये उघड झालं की लंडनमधली एक कंपनी खोट्या प्रमाणपत्रांवर इंजिनांचे भाग विकत होती. सीएफएम ५६ या जगात अतिशय वापरात असलेल्या इंजिनांचे भाग. शंभराहून जास्त इंजिनांपर्यंत ते पोचले होते. पकडलं कुणी? पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या दुरुस्ती विभागातल्या माणसांनी. एक भाग कागदावरच्या वयापेक्षा जुना दिसतोय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. प्रकरण एवढ्यावरून उलगडलं. कुठल्याही देशाचं कुठलंही शिष्टमंडळ त्यात नव्हतं.

आणि आपल्या जवळचं गोव्याचं उदाहरण. जानेवारी २०११ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलं. विमान मागच्या चाकांवर उतरतं, पुढचं चाक नंतर टेकतं. उलट झालं की काहीतरी चुकलंय. चौकशी सुरू झाली, आणि त्या वैमानिकानं परीक्षेची बनावट गुणपत्रिका देऊन परवाना मिळवल्याचं उघड झालं. मग डीजीसीएनं, म्हणजे आपल्याकडच्या हवाई वाहतूक नियामकानं, हजारो परवान्यांच्या फायली उघडल्या. आणखी काही सापडले. त्या फायली कुठे होत्या? दिल्लीत, आपल्याच कपाटात. पाकिस्तानचं प्रकरण तर त्याहून मोठं. मे २०२० मध्ये कराचीला विमान पडल्यावर तिथल्या मंत्र्यानं संसदेत सांगितलं की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. तो आकडा पुढे बराच खाली आला, पण युरोपनं १ जुलै २०२० पासून त्यांच्या सरकारी कंपनीला जी बंदी घातली ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं.

इथे मला माझ्याच मुद्द्याविरुद्ध बोलायला हवं. परदेशी तपासणी निरर्थक असते, असा निष्कर्ष तुम्ही काढाल, आणि तो चुकीचा ठरेल. ज्या परदेशी तपासणीचा भारताला सर्वांत जास्त फायदा झाला, तीच तर आपल्याला सर्वांत जास्त झोंबली. ३१ जानेवारी २०१४. एफएएनं देशोदेशींच्या नियामकांना लावलेल्या आपल्या कसोटीत भारताला दुसऱ्या, म्हणजे नापासांच्या श्रेणीत टाकलं. वर्तमानपत्रांत नाचक्की, आपल्या कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं बंद. अमेरिकेचे लोक इथे येऊन काय बघत होते? ते आपले हँगर बघत नव्हते, विमानंही नव्हते. ते डीजीसीए बघत होते. तपासनिसांची संख्या पुरेशी आहे का, त्यांचं प्रशिक्षण झालंय का, त्यांना कायद्यानं अधिकार आहेत का. आणि विमान चालवण्याचा अनुभव असलेले तपासनीस, ज्यांना फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर म्हणतात, ते आपल्याकडे पुरेसे नव्हते. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं अशी ७५ पदं मंजूर केली. एप्रिल २०१५ मध्ये आपण पुन्हा पहिल्या श्रेणीत आलो. ही पद्धत अमेरिकेनं १९९२ मध्ये सुरू केली. त्यामागे एक अपघात होता: जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाच्या अवियांका कंपनीचं विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ पडलं होतं आणि ७३ जण गेले होते.

या पद्धतीतलं सूत्र साधं आहे: दुकानं तपासू नका, दुकानं तपासणाऱ्याला तपासा. एकदा नीट तपासा, निकाल जाहीर करा, आणि मग त्याच्या सहीवर विश्वास ठेवा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, इकाओ, १९९९ पासून देशांच्या नियामकांची तपासणी याच धर्तीवर करते. १९४४ च्या कलमात विश्वास होता, पण तो पारखायची सोय नव्हती. ती आता आहे. मग विसावा पाहुणा कशासाठी?

धंद्यातले लोक हे आपल्याआधी शिकले. विमान कंपन्या म्हणजे एकमेकींच्या हाडवैरी. पण एकमेकींचे प्रवासी घ्यायचे तर एकमेकींची तपासणी करावी लागे, आणि प्रत्येकीनं प्रत्येकीची तपासणी करायची म्हणजे वेड लागायची पाळी. २००३ मध्ये त्यांच्या संघटनेनं, आयाटानं, एक सामायिक तपासणी सुरू केली. एकीची तपासणी झाली की अहवाल बाकीच्यांना मिळतो. वैऱ्यांना जमलं ते मित्रराष्ट्रांना जमत नाही.

अहवाल वाटून घेणं, यातच खरी मेख आहे. ३ जानेवारी २००४ ला इजिप्तच्या शर्म अल शेखहून फ्लॅश एअरलाइन्सचं विमान निघालं आणि तांबड्या समुद्रात कोसळलं. १४८ माणसं गेली, बहुतेक फ्रेंच पर्यटक. अपघाताच्या कारणावर वाद झाले, त्यात मी जात नाही. पण नंतर लोकांना कळलं की स्वित्झर्लंडनं त्या कंपनीला २००२ मध्येच आपल्याकडे यायला बंदी केली होती. स्विस तपासनिसांनी काय केलं होतं? आपल्याच विमानतळावर, आपल्याच धावपट्टीवर उतरलेलं विमान तपासलं होतं. शिकागो करारानं प्रत्येक देशाला तो अधिकार दिलेला आहे. परदेशी विमान आपल्या पायांनी तुमच्या दारात येतं. तपासनिसाला फक्त एप्रनपर्यंत, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेपर्यंत जायचं असतं. स्विसांना कळलं ते फ्रेंच प्रवाशाला कळलं नाही. पॅरिसहून कैरोला कितीही तपासनीस पाठवले असते तरी ही त्रुटी भरून निघाली नसती. युरोप शिकला. मार्च २००६ पासून त्यांची काळी यादी जाहीर होते, विमानतळावरच्या तपासण्यांचे निष्कर्ष एका सामायिक कोठारात जातात, आणि २०१४ पासून बाहेरच्या विमान कंपनीला सगळ्या युरोपसाठी इआसाची एकच परवानगी लागते. ती परवानगी बहुतांशी टेबलावर बसून, माहिती चाळून दिली जाते. जिथे माहितीत काही खटकतं, तिथेच माणूस जातो.

कोविडच्या काळात तर सगळ्या जगानं हा प्रयोग करूनच बघितला. विमानं बंद, सीमा बंद, तपासनीस घरी. मग व्हिडिओवरून तपासण्या सुरू झाल्या. कागद आधी पाठवा, मग कॅमेरा घेऊन हँगरमध्ये फिरा. त्यात एक उघड खोट आहे: कॅमेरा ज्याच्या हातात, तो दाखवील तेच दिसणार. भंगाराचं पिंप कुणी आपणहून दाखवत नाही. पण त्या दोन वर्षांत निदान एवढं कळलं, की समारोपाच्या बैठकीतली बरीचशी लेव्हल टू फाइंडिंग्ज परदेशी न जाताही सापडतात. जायचं ते भंगाराच्या पिंपासाठी, मस्टरसाठी, रात्रपाळीसाठी. बाकीच्यासाठी ईमेल पुरते.

आणि आता घरचं. जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातावर मी बोलणार नाही. कारणांबद्दल अंदाज बांधण्याची ही जागा नाही. पण त्यानंतर डीजीसीएनं जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांची दोन पथकं दिल्ली, मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे गेली. २४ जूनला त्यांनी काय सापडलं ते जाहीर केलं. कंपन्यांची नावं दिली नाहीत, ते एक सोडा. झिजलेल्या टायरांमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावं लागलं. तेच ते दोष दुरुस्त झाल्याची नोंद होऊनही पुन्हा पुन्हा उगवत होते. एका विमानतळावर धावपट्टीची मधली रेघ पुसट झाली होती. एका ठिकाणी विमानतळाभोवतीच्या अडथळ्यांची माहिती तीन वर्षं अद्ययावत केलेली नव्हती, आणि भोवती नवी बांधकामं उभी होती. एक सिम्युलेटर विमानाच्या रचनेशी जुळतच नव्हता, म्हणजे वैमानिक एका विमानाचा सराव करून दुसरं चालवणार. आमच्या बिरादरीचीही खरडपट्टी होती: काम करताना सुरक्षेची काळजी घेतली जात नाही, दोष लॉगबुकात चढत नाहीत. ते वाचून मान खाली गेली, पण लिहिलेलं खरं आहे हे आमच्यातल्या कुणालाही विचारा.

मंडळी, काही दिवसांत, आपल्याच शहरांत, व्हिसा न काढता इतकं सापडलं. मग हे रोज का होत नाही? कारण माणसं नाहीत. त्याच वर्षी संसदीय समितीनं सांगितलं की डीजीसीएमधली मंजूर पदं जवळपास निम्मी रिकामी आहेत. ज्या संस्थेत दोनातली एक खुर्ची रिकामी आहे, तिथे उरलेल्या एकाला कुठे पाठवायचं याचा हिशेब पैशांत करून चालत नाही. भत्त्याची रक्कम किरकोळ असते. अनुभवी तपासनीस परदेशातल्या हँगरमध्ये कपाटाचं लेबल बघत होता त्या आठवड्यात सांताक्रूझच्या एप्रनवर रात्री दोन वाजता कुणी नव्हतं, ही खरी किंमत आहे. ती कुठल्याही बिलावर येत नाही, त्यामुळे लेखापरीक्षकालाही सापडत नाही.

याला माझ्याकडे एक छोटा, रुक्ष उपाय आहे. प्रत्येक परदेशी तपासणीचा अहवाल संकेतस्थळावर टाका. दोनच पानं पुरेत. त्यात फोटो नकोत, पुष्पगुच्छ नकोत. या हँगरची तपासणी याआधीच्या वर्षभरात आणखी कुठल्या देशांनी केली? त्यांचे निष्कर्ष तुम्ही निघण्याआधी मागवले होते का? तुम्हाला जे सापडलं त्यातलं किती इथे बसून सापडलं असतं? भेट सांगून दिली की न सांगता, दिवसा की रात्री? खर्च कुणी केला? आणि तुम्ही बाहेर होतात त्या दिवसांत तुमच्या नावावरची इथली कुठली तपासणी पुढे ढकलली गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणाला आवडणार नाही, म्हणून तो सक्तीचा करावा. व्यापारी गुपितं असतील ती झाका, बाकीचं उघडं ठेवा.

हे सरकारनं आपणहून केलं तर उत्तमच. नाही केलं तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे, अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि या सभागृहात अर्ज लिहू शकणारी माणसं भरपूर आहेत. मसुदा मी बरोबर आणलाय, बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. प्रश्नोत्तरं संपली की घेऊन जा; फक्त सगळ्यांनी एकच मजकूर पाठवू नका, नाहीतर दिल्लीतला कारकून एकच उत्तर सगळ्यांना चिकटवून मोकळा होईल.